उपग्रह असताना चक्रीवादळात विमान कशासाठी नेतात?

उपग्रह मुख्यतः ढगांचा माथा दाखवतो. वादळाच्या पोटात, समुद्रालगत, हवेचा दाब नेमका किती आहे हे तो थेट मोजू शकत नाही, म्हणून अमेरिकेची नोआ ही संस्था आपली पी-३ विमाने साधारण ८ ते १० हजार फुटांवरून वादळाच्या डोळ्यातून, म्हणजे केंद्रातल्या शांत भागातून, नेते. तेथून सोडलेली ड्रॉपसोंड नावाची हातभर नळी, छोट्या पॅराशूटला लटकत पाण्यात पडेपर्यंत, दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा रेडिओने कळवत राहते. केंद्रातील दाब उतरू लागला की वादळ जोर धरत आहे असे समजावे. मे २०२१ मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले तेव्हा पडलेले माड आपण मोजले. अरबी समुद्रावर अशी उड्डाणे नित्याची नसल्याने वादळाचा जोर मात्र मुख्यतः उपग्रहचित्रांवरून आणि रडारवरूनच ताडावा लागतो.