अर्ध्या दिवसात म्हैसमाळचा तलाव होतो, पण यादीतलं बाकीचं खोडा

प्रश्न असा आहे: "संभाजीनगरला लग्नासाठी आलोय. रविवारी दुपारी साडेतीनची रेल्वे आहे. त्याआधी खासगी गाडी करून डोंगरावरचा एखादा तलाव बघून येता येईल का? सोबत सत्तरीचे आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. जमलं तर वेरूळ आणि दौलताबादही करायचंय. खर्च किती येईल?"

शहराजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावरचा तलाव होईल. वेरूळ आणि दौलताबाद होणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण पाहुण्यांच्या हातात दौलताबाद, खुलताबादचा भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर आणि वरून म्हैसमाळ अशी यादी ठेवणारे लोक आमच्या शहरात घरोघरी आहेत. आमच्या मेहुण्यांशी माझा हा वाद फार जुना आहे. त्यांचं म्हणणं, सगळं एकाच रस्त्यावर आहे, मग सोडायचं कशाला? सगळं एका रस्त्यावर आहे हे खरं आहे. अडचण तिथेच आहे, कारण त्याच रस्त्यावर इतर सगळेही असतात.

हिशेब मांडू. शहरातून दौलताबाद साधारण १५ किलोमीटर, खुलताबाद २५ आणि म्हैसमाळ ४० च्या आसपास. नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, मग किल्ला. किल्ल्याच्या बाहेरच्या तटाच्या दिल्ली दरवाजातून रस्ता जातो आणि तिथे दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावंच लागतं. सुट्टीच्या दिवशी एखादी बस अडली की दोन्ही बाजूंनी रांग लागते, मागचे पुढे घुसतात आणि मग कुणालाच मागे सरकता येत नाही. शनिवारी त्यात भद्रा मारुतीची गर्दी मिसळते. श्रावणातल्या शनिवारी तर शहरातून रात्रीच पायी निघालेले लोक पहाटे याच रस्त्यावर असतात. म्हणून सकाळी सहाला सव्वा तासात होणारं अंतर दहा वाजता किती वेळ घेईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि ज्याची रेल्वे साडेतीनची आहे त्याने अशा रस्त्यावर दहा वाजता शहरातून निघू नये.

आता मेहुण्यांची यादी घ्या. दौलताबादचा किल्ला वरपर्यंत चढायचा तर अडीच-तीन तास, आणि सत्तरीच्या गुडघ्यांना तो विचारूच नका. वेरूळची नुसती १६ नंबरची कैलास लेणी नीट बघायची तरी दीड तास. (वेरूळ मंगळवारी बंद असतं, तुमच्या रविवारी नाही.) घृष्णेश्वराची रांग वेगळी. हे सगळं करून म्हैसमाळला पोचाल तेव्हा ऊन डोक्यावर, मुलगी गाडीत झोपलेली आणि ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय. तलावाजवळ दहा मिनिटं, चार फोटो, परत. याला तलाव बघणं म्हणत नाहीत.

त्यापेक्षा पहाटे साडेपाचला गाडी दारात हवी. पावणेसातपर्यंत वर पोचता. ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा नंतर उगवतो आणि डिसेंबरअखेरीस सातला, म्हणजे थंडीत गेलात तर उजाडताना वर असाल. सव्वानऊपर्यंत वर थांबा. पावणेदहाला खुलताबाद. तिथे एक थांबा घेता येतो, त्याबद्दल खाली लिहिलंय. बारा-सव्वाबाराला शहरात. जेवण, सामान, स्टेशन, सगळं निवांत होतं.

गाडीच्या भाड्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. 'हाफ डे' म्हणून जे पॅकेज सांगतात ते बहुतेक ठिकाणी ४ तास ४० किलोमीटरचं असतं. ऐकायला अर्धा दिवस वाटतो, पण ४० किलोमीटरमध्ये तुम्ही फक्त वर पोचता. शिवाय मोजणी बहुधा गाडी त्यांच्या जागेवरून निघते तिथून सुरू होते आणि ती परत तिथे पोचेपर्यंत चालते. म्हणजे जाऊन-येऊन ८०, वर सात-आठ असे धरून ८८ किलोमीटर आणि पावणेसात तास. समजा जादा किलोमीटरला १५ रुपये आणि जादा तासाला १५० असा दर आहे, तर ४८ किलोमीटरचे ७२० आणि तीन तासांचे ४५० (अपुरा तास पूर्ण धरतात), असे ११७० रुपये ठरलेल्या भाड्यावर चढले. म्हणून मागायचं ते ८ तास ८० किलोमीटरचं पॅकेज. दुसरं टोक म्हणजे 'आउटस्टेशन', त्यात दिवसाला कमीत कमी २५० किंवा ३०० किलोमीटरचे पैसे लावतात. ८८ किलोमीटरसाठी ते कशाला द्यायचे? नेमकी रक्कम गाडीवर आणि हंगामावर ठरते. तुम्ही दोन ठिकाणी विचारा, पण विचारताना चार गोष्टी एका दमात विचारा: मोजणी कुठून, जादा किलोमीटरचा दर, जादा तासाचा दर, पार्किंग कुणाकडे. उत्तर मोबाइलवर लिहून मागवा. तोंडी ठरलेलं भाडं परतीच्या वेळी फाटकाजवळ बदलतं.

पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. कुणाच्या तरी ओळखीच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत दोन-तीनशे वाचतात, पण खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. घाटाच्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन तो धोका पत्करू नये. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत सिलेंडर असतो. लग्नाच्या बॅगा सोबत ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या, बॅगा मुक्कामावरच राहू द्या.

घाटाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. चढताना काही होत नाही, जे होतं ते उतरताना. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे ड्रायव्हर अजूनही आहेत आणि ते ठामपणे सांगतात की आमची गाडी आहे, आम्हाला कळतं. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहतं. म्हणजे बचत होत नाही, उलट गाडीचा सगळा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, पॅडची पकड कमी होते, जळल्यासारखा करपट वास काचेतून आत येतो. त्यापुढे ब्रेक ऑइल उकळायला लागलं की पेडल मऊ पडतं आणि तळापर्यंत जातं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टेअरिंग जड होतं. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरायचं, साधारण सेकंड. ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वास आला तर गाडी रुंद जागी घ्या, गिअरमध्ये उभी करा, चाकांखाली दगड लावा आणि अर्धा तास थांबा. डिस्कवर पाणी ओतू देऊ नका, तापलेलं लोखंड एकदम गार झालं की वाकतं. ड्रायव्हरला हे निघायच्या आधी, घराच्या दारातच सांगा. घाटात सांगितलं की त्याला राग येतो आणि रागावलेल्या ड्रायव्हरमागे बसून घाट उतरण्यात काय सुख आहे?

मुलीला घाट लागतो का हे तुम्हालाच माहीत. लागत असेल तर तिला रिकाम्या पोटी नेऊ नका आणि पोटभर दूधही पाजू नका, दोन बिस्किटं पुरतात. मागच्या सीटवर बसवा, मोबाइल हातात देऊ नका, समोर लांबचं बघायला सांगा. उलटीची गोळी तिच्या डॉक्टरांना विचारूनच.

वरचं सांगायचं तर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि म्हैसमाळ १०६७ मीटरवर. पाचशे मीटरच्या चढाला तीन अंशांचा फरक पडतो. आकडा छोटा दिसतो, पण पठारावर वारा मोकळा आहे आणि ओल्या अंगाला तो बोचतो. पावसाळ्यात आई-वडिलांच्या कानाला काहीतरी बांधा. मुलीचा एक कोरडा जोड गाडीत ठेवा, छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही, रेनकोट घ्या.

इथला तलाव पावसाच्या पाण्याचा आहे. तो मोठा नाही. काश्मीरच्या फोटोंची अपेक्षा ठेवून येणारे निराश होतात आणि मग म्हैसमाळमध्ये काही नाही असं लिहितात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत या, पाणी भरलेलं, गवत ओलं, ढग इतके खाली की समोरचा काठ दिसतो आणि पुसला जातो. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, तेव्हा तलावासाठी म्हणून येऊ नका. पाणी मागे सरकतं तेव्हा काठावर गाळाचा पापुद्रा वाळतो, त्याला भेगा पडतात आणि वरून तो टणक दिसतो. म्हशींच्या खुरांचे खड्डे बघा: खड्ड्याच्या तळाशी पाणी दिसत असेल तर खालचा गाळ अजून लिबलिबीत आहे आणि तिथे पाय घोट्याच्या वर जाईल. मुलं नेमकी तिथेच धावतात. मुलीचा हात धरून ठेवा, आणि पोहता येत असलं तरी कुणीही पाण्यात उतरू नका, कारण खाली गाळ किती आहे हे वरून कळत नाही. पावसाळ्यात काळ्या खडकावर शेवाळ असतं, रबरी तळाच्या चपलाही सटकतात. वडिलांना बूट घाला, काठी असेल तर काठी.

सकाळी सातला वर चहा मिळेलच असं धरून चालू नका. थर्मास भरून घ्या. खायला धपाटे आणि लसणाची चटणी. ते गार झाले तरी चांगले लागतात, हात फार बरबटत नाहीत, आणि पोहे-उपम्यासारखे डब्यात आंबत नाहीत. डबा गाडीतच उघडा, बाहेर माकडं आहेत. केळी हातात घेऊन फिरलात तर ती तुमची राहणार नाहीत. कचरा परत न्या, डोंगरावर त्याला उचलणारं कुणी नाही.

गिरिजामातेचं देऊळ वरच आहे, बालाजीचंही. आई-वडिलांना तिथे बसायला आवडेल. खालच्या प्रदेशातून वाहणारी गिरिजा नदी याच डोंगरात उगम पावते.

खुलताबादच्या त्या थांब्याबद्दल. रविवारी भद्रा मारुती करायला हरकत नाही, निद्रिस्त मारुतीची अशी मूर्ती फार थोड्या ठिकाणी आहे. पण माझं मत विचाराल तर खुलताबादजवळच्या शूलीभंजनच्या डोंगरावर जा. एकनाथ महाराजांनी तपश्चर्या केली ती ही जागा असं परंपरा सांगते. त्यांचे गुरू जनार्दन स्वामी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्याच किल्ल्यावर होते. दत्ताचं देऊळ आहे आणि दगडाने वाजवला की धातूसारखा नाद देणारा खडक आहे, मुलीला तो आवडेल. त्याच डोंगराच्या पायथ्याशी परियों का तालाब आहे. आई-वडिलांना घाटाचा त्रास होत असेल तर म्हैसमाळ सोडून एवढंच करा, शहरापासून जवळ पडतं आणि डोंगर व तलाव दोन्ही मिळतात.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. चैत्र पौर्णिमेला गिरिजामातेची यात्रा असते, आणि खुलताबादचा उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे येत असल्याने दरवर्षी इंग्रजी तारीख बदलते. या दिवसांत वरचा कुठलाच हिशेब लागू नाही. परतताना दौलताबादला रांग दिसली तर ड्रायव्हरला वेरूळवरून कसाबखेडा, करोडी असं यायला सांगा. थोडं लांब पडतं, पण तो मोठा रस्ता आहे. त्यासाठी जास्तीचे किलोमीटर द्यावे लागतील, ते द्या. मुसळधार पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी खुलताबादच्या कुणाला तरी रस्ता विचारा, घाटात दगड येतात. आणि धुकं इतकं दाट असेल की समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, तर वर जायचा हट्ट करू नका, खुलताबादहूनच वळा.

लोणारचं विचारलं नाहीत ते बरं केलंत. दर वेळी कुणीतरी तेही सुचवतं. ते विदर्भात आहे, उल्कापाताने झालेलं विवर आहे, आणि त्याला पूर्ण दिवस द्यावा लागतो.

गाडी शनिवारी संध्याकाळीच पक्की करा आणि ड्रायव्हरचा नंबर रात्रीच घेऊन ठेवा. पहाटे पाचला त्याला एकदा फोन करा, कारण साडेपाचची गाडी साडेसहाला आली तर वरचा तलावाकाठचा तासच जातो, बाकी काही कमी करता येत नाही.