लिनक्सवर मेमरी मोकळी असूनही ‘बफरसाठी जागा उपलब्ध नाही’ ही त्रुटी का येते?

हा संदेश फसवा आहे. त्यामुळे सॉकेट बफर (नेटवर्क जोडणीसाठी राखलेली तात्पुरती मेमरी) वाढवण्याची घाई करू नये. प्रथम डीमेसग (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या, कर्नलच्या म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या संदेशांमध्ये ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ अशी नोंद आहे का, हे पाहावे. एकाच सबनेटवर शेकडो यंत्रे किंवा कंटेनर असतील, तर एआरपी नोंदींचा (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, याच्या नोंदींचा) तक्ता भरतो आणि १०२४ ही मूळ कमाल मर्यादा गाठल्यावर कर्नल नवी नोंद नाकारून हीच त्रुटी परत करतो. अशा वेळी सिसकंट्रोल (sysctl) या कर्नलच्या सेटिंग बदलण्याच्या साधनातून जीसी-थ्रेश-३ (gc_thresh3) हे ही कमाल मर्यादा ठरवणारे मूल्य, आणि त्याच प्रमाणात जीसी-थ्रेश-१ व २ (मूळ मूल्ये १२८ व ५१२), वाढवावीत. आयपीव्ही६ साठी ती स्वतंत्र असतात, हे बहुधा विसरले जाते. कॅन (CAN, वाहनांतील उपकरणे जोडणारे नेटवर्क) इंटरफेसवर मात्र पाठवणीची रांगच सहसा अवघ्या १० फ्रेमची (संदेशांची) असते व ती भरली की हीच त्रुटी येते, म्हणून तेथे तिची लांबी वाढवावी.