एवढं सलाईन लावलं तरी मांड्या का गळल्या?

प्रश्न : मॅडम, आतड्याला भोक पडलं म्हणून माझ्या सासऱ्यांचं (वय ६२, वजन ५५ किलो) ऑपरेशन झालं. पहिले चार दिवस नुसत्या सलाईनच्या बाटल्या, मग मानेत नळी घालून दुधासारखी पांढरी पिशवी आठ दिवस. आता घरी आलेत, मऊ जेवण चालेल असं डॉक्टर म्हणाले. पण मांड्या एवढ्या गळल्यात की नाडी आवळूनही पायजमा राहत नाही. घरातले म्हणतात पेजच द्या, माशाने टाक्यांत पू होतो. काय करू? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, सलाईन म्हणजे जेवण नाही हो, हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगते. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी, एका पातळ पोळीएवढ्या, आणि प्रोटीन शून्य. नुसता उपास असता तर शरीर हळूहळू चरबीवर आलं असतं, पण मोठ्या ऑपरेशननंतर कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, इन्सुलिन नीट चालत नाही, मग जखम भरायला लागणारं प्रोटीन शरीर स्वतःच्याच स्नायूंतून काढतं आणि त्या प्रोटीनमधला उरलेला नायट्रोजन लघवीतून जातो. दिवसाला १० ग्रॅम नायट्रोजन गेला म्हणजे जवळजवळ ३०० ग्रॅम मांस गेलं! मांड्या तिथे गेल्या.

ती पांढरी पिशवी मात्र खरं जेवण. अमिनो ॲसिड (प्रोटीनचे सुटे घटक), ग्लुकोज आणि तेलाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल, पांढरा रंग त्या तेलाचा. एवढं दाट द्रव हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत देतात, तिथे रक्ताचा ओघ मोठा, लगेच पातळ होतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टॅन्ली डड्रिक या सर्जननी कुत्र्याची पिल्लं नुसती शिरेतून पोसून वाढवली आणि १९६८ साली ते जगासमोर मांडलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

आता पेज. पचायला हलकी, द्या जरूर, पण वाटीभर पेजेत प्रोटीन दोनेक ग्रॅम आणि सासऱ्यांना दिवसाला ८० च्या आसपास हवंय. माशाने पू होत नाही, पू जंतूंनी होतो, उलट प्रोटीन कमी पडलं तर टाके भरायला वेळ लागतो. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम मिळतं, तिखट न घालता, काटे काढून पेजेतच कुस्करा. दोन अंडी, दूध, दही, मुगाचं वरण, पोट सोसेल तशी कुळथाची पातळ पिठी, सगळं थोडं थोडं पाच-सहा वेळा. किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

आणि त्यांना पडवीत चालवा, दिवसातून चार वेळा, कारण स्नायू वापरला नाही तर खाल्लेलं प्रोटीन तिथे नीट लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायला लागले की समजा मांडी भरतेय.