जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमधून लांब जायचंय, हत्यारांच्या पिशवीत काय काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन असलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर करून घेतलीय, नाशिकहून महिनाभर राजस्थान-हिमाचल फिरायचंय, तर कोणती हत्यारं जवळ ठेवावीत. माझी गाडीही तशीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक काम करा. एखाद्या रविवारी बिल्डिंगखाली गाडी उभी करून फक्त त्या पिशवीतल्या हत्यारांनी तीन कामं स्वतः करा: फॅन बेल्ट बदला, डिझेल फिल्टर बदला आणि मागचं एक चाक काढून परत लावा. ज्या वस्तूसाठी घरात पळावं लागेल ती पिशवीत टाका. मी हे न करताच निघालो होतो. राहूड घाटात बेल्ट तुटला. नवा बेल्ट जवळ होता, पानेही होते, पण अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) बोल्ट फिरवला की मागची नटही गरगर फिरायची. दोन्ही बाजूंना १७ मिमीचा पाना हवा आणि माझ्याकडे एकच. मालेगावकडे निघालेल्या एका ट्रकवाल्या दादांनी थांबून त्यांचा पाना दिला, तेव्हा काम झालं.

डबल एंड, म्हणजे दोन्ही टोकं उघडी असलेल्या पान्यांच्या सेटमध्ये ६-७, ८-९, १०-११, १२-१३ अशा जोड्या येतात, म्हणजे प्रत्येक माप एकदाच मिळतं. म्हणून डबल एंड सेटच्या जोडीला रिंग पान्यांचाही (नटेला पूर्ण वेढणाऱ्या गोल टोकांच्या) सेट घ्याच. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. गंजलेली नट रिंग पान्यानेच सोडवा, डबल एंडने तिचे कोपरे मारले जातात. हत्यार चांगल्या कंपनीचं घ्या. टपारियाचा कारखाना तर आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतच आहे आणि त्यांचे पाने शहरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. त्याशिवाय पक्कड, नोज प्लायर, लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, फिल्टर पाना, बाइंडिंग तार, होज क्लिपा, इन्सुलेशन टेप आणि डोक्याला लावायची बॅटरी. अंधारात दोन्ही हात मोकळे लागतात.

जॅकबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथेच लोक फसतात. कॅम्परमध्ये पलंग, पाण्याची टाकी, जादा बॅटरी आली की वजन खूप वाढतं. टाक्या भरून, सामान लादून एकदा गाड्या तोलायच्या काट्यावर वजन करून घ्या. पिंपळगाव, लासलगावकडे कांद्यामुळे काटे भरपूर आहेत. मी ५ टनी बाटली जॅक ठेवतो. पण हवा जाऊन चाक पूर्ण बसल्यावर एक्सल इतका खाली येतो की बाटली जॅक खाली शिरतच नाही. घरीच चाकातली हवा सोडून तपासा. शिरत नसेल तर बुटका जॅक घ्या. निफाडकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून जाड लाकडी फळी हवी. चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे ठेवा. पंक्चरवाले हवेच्या गनने नटा आवळतात, त्या गाडीतल्या छोट्या पान्याने हलत नाहीत. व्हील पान्यावर चढेल असा दोनेक फुटांचा लोखंडी पाइप ठेवा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, कितीही घाई असली तरी.

सुट्या भागांत बेल्ट, डिझेल फिल्टर, डिझेल पंपाजवळच्या तांब्याच्या वॉशर, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, फ्यूज आणि हेडलाइटचा बल्ब. हे सगळं नाशिकमध्ये द्वारका चौकाकडे मिळतं. जुना भाग बरोबर नेऊन जुळवून घ्या.

चार्जिंगचा लाल दिवा चालू गाडीत लागला तर ताबडतोब थांबून बेल्ट बघा. आपल्या इंजिनात तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे बेल्ट गेला असेल तर इंजिन काही मिनिटांत तापतं. बेल्ट शाबूत असेल आणि फक्त अल्टरनेटर गेला असेल तर घाबरू नका. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झालं की चालायला वीज लागत नाही. दिवसाउजेडी, दिवे-पंखे बंद ठेवून, इंजिन बंद न करता पुढच्या गावापर्यंत जाता येतं. फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपल्यावर मात्र लाइनमध्ये हवा शिरते. ती डिझेल लाइनवरच्या छोट्या हातपंपाने काढायची रीत तुमच्या मेकॅनिककडून एकदा स्वतःच्या हाताने करून शिका.

घराच्या भागासाठी फार काही लागत नाही. साधा मल्टीमीटर, टेफ्लॉन टेप, कपाटांचे सुटणारे स्क्रू. गॅसच्या जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. गॅसची नळी ५ वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख वाचा.

लोखंडी पेटी घेऊ नका, रस्ताभर खडखडते. जाड कॅनव्हासची पिशवी घ्या आणि ती बाजूच्या दाराशी ठेवा, पलंगाखाली नको. पावसात कसारा घाटात सगळ्या गाद्या उचलून पाना शोधायची वेळ तुमच्यावर येऊ नये. चाक बदललं असेल तर ५०-६० किलोमीटरनंतर थांबून नटा पुन्हा आवळा.