झाकण उघडू नका! (वाचकांचे बुरशी-प्रश्न)

जुलै आला की या सदरात दुसरं काही विचारतच नाही कोणी. यावेळी तर एकांनी डब्याचा फोटोच पाठवलाय, तो छापायला संपादकांनी साफ नकार दिला, जेवताना मासिक वाचणारे लोक आहेत म्हणे.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र फ्लॅटवर राहतो. पंधरा दिवस गावाला गेलो होतो, आलो तर ओट्यावर विसरलेल्या छोल्यांच्या डब्यात हिरवी मखमल उगवलेली, मधेमधे पांढरे केस. आम्ही त्याचं नाव बंड्या ठेवलंय. आमच्यातला एक म्हणतो पेनिसिलिन बुरशीतूनच निघतं, मग बंड्या थोडा चाटला तर सर्दी जाईल. खरं का?
(बंड्याचे पालक, कोथरूड)

उत्तर: पालकहो, आधी ते झाकण लावा. वास घेऊन बघायचा मोह सगळ्यांना होतो, पण वास घेताना नाकात जाते ती बंड्याची पोरंबाळं, तो हिरवा रंग दिसतोय ना तो बीजाणूंचाच असतो, आणि दम्याच्या माणसाला तेवढंसुद्धा पुरतं.

आता पेनिसिलिन. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पुढचं शाळेत सांगत नाहीत. ती बुरशी औषध बनवायची इतकं चिमूटभर की १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते दिलं तेव्हा डॉक्टर त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढत होते आणि पुन्हा त्यालाच टोचत होते. माणूस सुधारायला लागला, साठा संपला, आणि गेला बिचारा. नंतर १९४३ च्या सुमाराला अमेरिकेत पिओरिया गावी एका बुरसटलेल्या खरबुजावर भरपूर माल देणारं वाण सापडलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तुमच्यापासून तासाभरावर पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली, तिथेसुद्धा निवडलेलं वाण टाक्यांमधे वाढवायचे, गाळायचे, शुद्ध करायचे, मग बाटलीत भरायचे. चाटत नव्हते कोणी. आणि गंमत बघा, त्याच कंपनीच्या लोकांनी पिंपरीच्या मातीतल्या एका जंतूपासून बुरशी मारायचं औषध काढलं, हमायसिन, आणि त्या जंतूला नावही दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. म्हणजे पिंपरीकरांनी बुरशीकडून औषध घेतलं आणि वर तिच्यावरही औषध काढलं, यापेक्षा पुणेरी काय असणार.

राहता राहिला बंड्या. पेनिसिलिन देणाऱ्या पेनिसिलियम बुरशीच्याच शेकडो जाती आहेत, काही औषध करतात काही विष करतात, आणि बंड्या मुळात त्या खानदानातला आहे की नाही हेच माहीत नाही. शिवाय सर्दी होते विषाणूने, तिच्यावर खरं पेनिसिलिनही चालत नाही. मित्राला वाफ घ्यायला सांगा.

प्रश्न: ब्रेडच्या एकाच स्लाइसवर बुरा आलाय. मिस्टर म्हणतात तेवढा तुकडा तोडायचा आणि बाकीचं कडक भाजायचं, सगळं मरतं.

उत्तर: मरतं, पण जाताना काय ठेवून गेलं ते तिथेच राहतं. ब्रेड म्हणजे स्पंज, वर ठिपका दिसतोय तेव्हा आत तंतू कधीच पसरलेले असतात. पाकीट टाका. हाच नियम जॅम, दही, उसळ, शिजवलेला भात, पिकलेली मऊ फळं, सगळ्यांना. कोबी, गाजर किंवा घट्ट चीज असेल तर ठिपक्याच्या भोवतीचं आणि खालचं इंचभर कापून बाकीचं वापरता येतं, फक्त सुरी बुरशीतून फिरवून तीच पुढे चालवू नका.

प्रश्न: गावाहून खोबऱ्याच्या वाट्या येतात. पावसात त्यांना पिवळट हिरवा बुरा येतो, सासूबाई फडक्याने पुसतात, ऊन दाखवतात आणि वाटणात खरपूस भाजून घालतात. मी काही बोलले की "पन्नास वर्षं खातोय, कुणाला काही झालं नाही". काय सांगू त्यांना?
(एक सून, चिपळूण)

उत्तर: हसण्यावारी न्यायचा नाही असा यावेळचा हा एकच प्रश्न. ब्रेडवरच्या बुरशीला आपण किंचाळतो, ती दिसते, फेकतो, विषय संपतो. मला काळजी वाटते ती खोबरं, शेंगदाणे आणि मक्याची, कारण ते पुसून झटकून पुन्हा डब्यात जातात.

१९६० साली इंग्लंडमधे लाखावर टर्कीची पिल्लं पटापट मेली, रोग कुठला कळेना, शेवटी सापडलं ते खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. अस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचं विष, म्हणून नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. आणि हे कोंबड्या-टर्कींपुरतं नाही हो. १९७४ मधे राजस्थानातलं बांसवाडा आणि शेजारचं गुजरातेतलं पंचमहाल, तिथल्या आदिवासी पाड्यांवर अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, दुसरं होतंच काय घरात, आणि १०६ माणसं काविळीने गेली.

थोडंथोडं खाल्लं तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, पोटही दुखत नाही. ते यकृतावर वर्षानुवर्षं काम करतं, कॅन्सरपर्यंत नेतं, आणि ज्याला हेपटायटिस बी आहे त्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो. म्हणून "कुणाला काही झालं नाही" याला अर्थ नाही, काकांना साठीत लिव्हरचं दुखणं निघालं तेव्हा वाटणाचा विचार कोण करतो? भाजून ते विष पुरतं जात नाही. पुसून तर नाहीच, पुसता तो रंग.

करायचं काय, तर वाट्या पावसाच्या आधीच कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात नाहीतर सरळ फ्रीजमधे ठेवा, बुरा आलेली वाटी टाका. दाण्यांचं तर सोपं आहे, सगळं विष बहुतेक वेळा थोड्याशाच खराब दाण्यांत असतं, त्यामुळे भाजायच्या आधी ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, बुरसटलेले दाणे वेचून काढले तरी मोठं काम होतं. आमची आजी हेच करायची, चष्मा नाकाच्या टोकावर आणि तोंडाने शेजारणीची खबर घेत. कडू दाणा तोंडात आला तर गिळू नका, थुंका.

सासूबाईंना अफ्लाटॉक्सिन वगैरे काही सांगू नका. "तुमच्या लेकाच्या लिव्हरला बाधतं" एवढंच म्हणा आणि स्वयंपाकघरातून बाहेर या.

प्रश्न: कांद्याच्या सालीवर काळी पावडर असते तो ब्लॅक फंगस का? कोरोनात तसा मेसेज फिरत होता.

उत्तर: फिरत होता आणि आमच्या सोसायटीत दोन घरांनी पाच-पाच किलो कांदे फेकले होते. तो आजार म्युकरमायकोसिस, त्याची बुरशी वेगळी. कांद्यावरची काजळी बहुतेक वेळा अस्परजिलस नायजर. वरची एक-दोन सालं काढा, धुवा, वापरा, आतपर्यंत काळं गेलं असेल तर टाका. आणि घाबरण्याआधी हे ऐका, सरबताच्या पाकिटावर सायट्रिक ॲसिड लिहिलेलं असतं ना, लिंबूसत्त्व, ते कारखान्यात शंभरेक वर्षं याच बुरशीकडून करून घेतात, लिंबाचा संबंध नावापुरता.

प्रश्न: लसणाचं लोणचं निळं-हिरवं पडलं!

उत्तर: बुरशी नाही. आंबटाशी लसणाची रासायनिक कुरबुर, खुशाल खा. चॉकलेटवरचा पांढरेपणासुद्धा बहुतेक वेळा त्यातल्याच कोकोच्या लोण्याचा, आणि द्राक्षांवरची पांढरट झाक द्राक्षाचीच.

प्रश्न: गोऱ्यांचं निळं चीज हजारो रुपये किलो, आणि माझं निळं पनीर कचऱ्यात. हा अन्याय नाही का?

उत्तर: आहे, पण बुरशीचा नाही. रॉकफोर चीजमधली बुरशी ओळखीची, पेनिसिलियम रॉकफोर्टी, चीजला भरपूर मीठ, गुहेतला गारवा, सगळं ठरलेलं. पनीर ओलं, अळणी, त्यात जो येईल तो बिनबुलाया पाहुणा. जपानी लोक साके आणि मिसोला जी कोजी बुरशी वापरतात, अस्परजिलस ओरायझी, ती तर वर सांगितलेल्या त्या विषारी फ्लेव्हसची घरात वाढलेली भावंडं, पिढ्यानपिढ्या माणसाळवलेली, अफ्लाटॉक्सिन करत नाही. घराणं तेच, संस्कार वेगळे. दोघं शेजारी उभे केले तर डोळ्यांनी ओळखणं अवघड, म्हणून तुमच्या पनीरवर मी पैज लावणार नाही.

प्रश्न: रात्रभर ओट्यावर राहिलेला भात, बुरशी नाही, वास नाही. फोडणीचा भात करू?

उत्तर: नको. इथे बुरशी नसते, बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू कुकरलाही पुरून उरतात, भात कोमट राहिला की जागे होतात आणि जे विष करतात ते फोडणीत जळत नाही. रात्रीच तासा-दोन तासांत फ्रीजमधे टाकलेला असेल तर सकाळी बिनधास्त करा, वर लिंबू पिळा.

अंक छापायला जाता जाता बंड्याच्या पालकांची दुसरी चिठ्ठी आली: "फेकायला तयार आहोत पण डबा आईचा आहे, स्टीलचा, झाकणावर तिचं नाव आणि १९९४ कोरलंय."

मग डबा नाही फेकायचा. नाकाला रुमाल बांधा, बाल्कनीत न्या, आतला माल पिशवीत उलटा करून गाठ मारा, डब्यात उकळतं पाणी आणि साबण घालून तासभर ठेवा, मग घासा. स्टील आहे, काही धरून ठेवत नाही. झाकणाची रबरी रिंग असेल तर ती बदला. घासणी त्याच पिशवीत टाका, आणि आईचा फोन आला तर छोले छान झाले होते म्हणून सांगा.