सेकंड बेसवरून माइकपर्यंत: टँपाच्या एका आईच्या पत्राला उत्तर

प्रश्न: आम्ही अकरा वर्षांपासून फ्लोरिडातल्या टँपामध्ये राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो आणि शाळेच्या बेसबॉल संघात सेकंड बेसवर खेळतो. त्याच्या कोचनी त्याला कुकी रोहास या क्युबन खेळाडूबद्दल सांगितलं. तेव्हापासून त्याचं ठरलंय, आधी व्यावसायिक बेसबॉल खेळायचं आणि मग रोहाससारखं टीव्हीवर समालोचन करायचं. त्याचे बाबा डॉक्टर आहेत आणि त्यानेही मेडिसिनकडे जावं असं त्यांना वाटतं. रोज जेवताना वाद होतो. मी मध्ये अडकले आहे. त्याने मोबाइलवर केलेल्या समालोचनाची अडीच मिनिटांची फीत सोबत पाठवते आहे. ऐकून खरं काय ते सांगा.

उत्तर: ताई, आधी फीत ऐकली, मग पत्र वाचलं, मग फीत पुन्हा दोनदा ऐकली. तिच्याबद्दल सविस्तर लिहिणार आहे. पण ज्या माणसाच्या नावावरून तुमच्या घरात वाद पेटलाय, त्याच्याबद्दल आधी बोलू.

ऑक्ताव्हियो रोहासचा जन्म 6 मार्च 1939 चा, हवानाचा. 'कुकी' हे लाडाचं नाव. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही डॉक्टरच व्हावं अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावरचा वाद हवानातल्या एका घरात सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. तिथे मुलाचं चाललं. 1956 मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने सिनसिनाटी रेड्सशी करार केला. तुमच्या मुलाला गोष्टीचा एवढाच भाग पाठ असणार. पुढचा भाग त्याला आणि त्याच्या बाबांना एकत्र बसवून वाचून दाखवा.

करारानंतर मुख्य लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पहिला सामना खेळायला त्याला सहा वर्षं लागली. मधला काळ मायनर लीगमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या पायऱ्यांवर, गेला. त्यातली दोन वर्षं तो घरच्याच गावात, हवाना शुगर किंग्ज या संघात होता. हा रेड्सचा सर्वात वरच्या पायरीचा मायनर संघ. 1959 मध्ये या संघाने ज्युनिअर वर्ल्ड सिरीज जिंकली. क्युबात क्रांती होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याच मोसमात जुलैतल्या एका रात्री स्टेडियममध्ये क्रांतीचा जल्लोष करणाऱ्यांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) लिओ कार्डेनासच्या खांद्याला चाटून गेली होती. पुढच्याच जुलैमध्ये संघ चालू मोसमात हवानातून उचलून न्यू जर्सीत नेला. 1961 मध्ये क्युबाने व्यावसायिक खेळच बंद केले. बावीस वर्षांच्या मुलाचं गाव सुटलं, ज्या लीगमध्ये खेळायचं स्वप्न पाहत मोठा झाला ती लीगही गेली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण 'दहा वर्षांनी मी अमुक ठिकाणी असेन' असा तक्ता रोहासला कधीच आखता आला नाही. त्याच्यासोबत परक्या देशात आलं ते त्याचं कसब आणि त्याची स्पॅनिश.

10 एप्रिल 1962 ला तो पहिल्यांदा मुख्य लीगमध्ये उतरला. लॉस एंजेलिसच्या कोऱ्या करकरीत डॉजर स्टेडियममधला तो पहिलाच सामना होता. त्या मोसमानंतर रेड्सनी त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तिथे त्याने जे केलं ते तुमच्या मुलाने वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे. रोहास मैदानावरच्या नऊच्या नऊ जागांवर खेळला. सेकंड बेस ही त्याची खरी जागा, पण संघाला जिथे माणूस कमी पडला तिथे तो उभा राहिला. कॅचर म्हणून बसला, आउटफिल्डमध्ये धावला, 1967 मध्ये एका सामन्यात एक इनिंग बोलिंगही केली. (बेसबॉलवाले त्याला पिचिंग म्हणतात, पण आपल्या वाचकांना हेच जवळचं.) 1965 मध्ये .303 च्या सरासरीने फटकेबाजी करून तो ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या खास सामन्यासाठी निवडला गेला. 1969 च्या ऑक्टोबरात त्याला न विचारता सेंट लुईसला धाडण्यात आलं. याच अदलाबदलीत समोरून यायचा असलेला कर्ट फ्लड 'मी विकण्याची वस्तू नाही' म्हणून अडून बसला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रोहास मात्र निमूटपणे गेला, तिथून 1970 मध्ये कॅन्सस सिटीला गेला, आणि तिथे बहरला. सलग चार वर्षं ऑल-स्टार, 1972 च्या ऑल-स्टार सामन्यात बदली फलंदाज म्हणून येऊन होमरन. 1977 मध्ये थांबला तेव्हा 1,822 सामने नावावर होते.

आता खरी गंमत बघा. फ्लोरिडातल्या मार्लिन्स संघाच्या सामन्यांचं स्पॅनिश टीव्हीवरचं समालोचन त्याच्याकडे आलं ते 2003 मध्ये. खेळणं संपल्यावर सव्वीस वर्षांनी. चौसष्टाव्या वर्षी.

मधली सव्वीस वर्षं तो काय करत होता, हे तुमच्या मुलाने अजून विचारलेलं नाही. कोचिंग केलं. स्काउट म्हणून दुसऱ्यांचे सामने बघत, टिपणं काढत फिरला. 1988 मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सचा मॅनेजर झाला. 75 सामने जिंकले, 79 हरले आणि मोसमाचे आठ सामने शिल्लक असताना त्याला काढून टाकलं. (उरलेले आठही सामने संघ हरला.) त्यानंतर फ्लोरिडा मार्लिन्स, न्यूयॉर्क मेट्स, टोरोंटो ब्लू जेज. मेट्समध्ये थर्ड बेसच्या कोचची जागा त्याच्याकडे होती. धावत येणाऱ्याला होम प्लेटपर्यंत, म्हणजे धाव पूर्ण करायला, सोडायचं की हात वर करून थांबवायचं, हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यायचा आणि चुकला तर हजारो लोकांच्या शिव्या खायच्या, अशी ती जागा. एवढं सगळं गाठीशी बांधून तो माइकसमोर बसला. नाव होतं म्हणून माइक मिळाला असं मुलाला वाटत असेल, तर त्याचा हा समज आत्ताच दूर करा.

समालोचनात दोन वेगळ्या खुर्च्या असतात, हेही त्याला नीट समजावून सांगा. एक धावतं वर्णन करणाऱ्याची: चेंडू कुठे गेला, कोण धावला, किती बाद. दुसरी विश्लेषकाची: असं का झालं. निवृत्त खेळाडू बहुतेक दुसऱ्या खुर्चीवर बसतात, रोहासही तिथलाच. पहिल्या खुर्चीला खेळाडू असणं लागत नाही. मार्लिन्सच्याच स्पॅनिश रेडिओवर 1993 पासून फेलो रामिरेस होते, तेही क्युबन, बायामो गावचे. त्यांनी 1945 च्या सुमारास क्युबात रेडिओवर सुरुवात केली आणि नव्वदी ओलांडल्यावरही बोलत राहिले. हॉल ऑफ फेमकडून समालोचकांना दिला जाणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्यांना 2001 मध्ये मिळाला. रोहासचा मुलगा व्हिक्टरनेही हीच पहिली खुर्ची निवडली. न्यूअर्कच्या एका छोट्या, मुख्य लीगबाहेरच्या संघापासून तो वर चढत गेला आणि 2010 ते 2020 एंजल्सच्या टीव्हीवर होता, म्हणजे ज्या संघाने वडिलांना काढलं त्याच संघाचा आवाज झाला. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि तुमच्या टँपामध्येच बघा. तुमच्या टँपा बे रेज संघाच्या स्पॅनिश रेडिओवर वर्षानुवर्षं विश्लेषण करणारे एनरिके ओलिउ जन्मापासून अंध आहेत. खेळाडूंची माहिती त्यांना तोंडपाठ असते, आणि बॅटचा आवाज, प्रेक्षकांचा आवाज ते कानाने टिपतात. संधी मिळाली तर मुलाला त्यांचं प्रसारण नऊही इनिंग ऐकायला लावा, स्पॅनिश अर्धवट कळली तरी.

आता डॉक्टरसाहेबांसाठी व्यवहाराचं. शाळा संपल्यावर मुलगा ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेसाठी, पात्र होतो. पण चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं वर्ष लागेपर्यंत त्याला थांबावं लागतं. ड्राफ्टच्या फक्त वीस फेऱ्या असतात. निवड झालीच तरी 2023 च्या करारानुसार मायनर लीगच्या तळाच्या पायरीवर वर्षाला 19,800 डॉलर आणि वरच्या ट्रिपल-ए मध्ये 35,800 डॉलर इतकं किमान वेतन ठरलं. टँपामध्ये या पैशात घर चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शाळेतून थेट व्यावसायिक खेळात नको. कॉलेज हवंच. पण मेडिसिनची पूर्वतयारी त्याच्यावर आत्ता लादूही नका. ज्या कॉलेजात त्याला खरोखर मैदानावर उतरायला मिळेल, बाकावर बसवणार नाहीत, आणि जिथे विद्यार्थ्यांचा स्वतःचा रेडिओ आहे, असं कॉलेज शोधा, मग ते लहान असलं तरी चालेल. तिथे सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, जे मिळेल त्याचं वर्णन त्याने करावं. जीवशास्त्राचे दोन विषय घ्यायला हरकत नाही. त्याने दार उघडं राहतं आणि बाबांनाही बरं वाटेल.

आता फीत. अडीच मिनिटांत तो चार वेळा 'काय जबरदस्त' म्हणाला आणि चारही वेळा ते का जबरदस्त होतं हे सांगायचं राहून गेलं. आवाज चांगला आहे, पण रोमांच आला की वर चढतो आणि शब्द एकमेकांवर आदळतात. हे सरावाने जाईल.

पण एक मिनिट चाळीस सेकंदांपाशी परत जा. पहिल्या बेसवर धावपटू, एक बाद, चेंडू शॉर्टस्टॉपकडे घरंगळत येतो आणि डबल प्ले होतो, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद. फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत पोहोचायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने चेंडू उचलायचा, सेकंड बेसवाल्याला द्यायचा, त्याने बेसला पाय लावायचा, पायांवर घसरत येणाऱ्या माणसाला चुकवायचं आणि पहिल्या बेसकडे फेकायचं. टीव्हीवर सगळे शॉर्टस्टॉपचं कौतुक करतात. तुमचा मुलगा तिथे हळू आवाजात म्हणतो, "सेकंड बेसवाला चेंडू टाकला जाण्याआधीच बेसकडे दोन पावलं सरकला होता, म्हणून हे झालं." ताई, हे वाक्य खेळलेल्या माणसाशिवाय कुणाला सुचत नाही. मी तिथे थांबले आणि मागे जाऊन पुन्हा ऐकलं. रोहास जी खुर्ची चालवत होता, तिचं काम नेमकं हेच. तुमच्या मुलाकडे ते आहे. अडीच मिनिटांत एकदाच आलं, पण आलं.

भाषेचं विचारलं नाहीत, तरी सांगते. शाळेत स्पॅनिश असेल तर ती मार्कांसाठी नाही, बोलण्यासाठी शिकू दे. फ्लोरिडात दोन भाषांत बेसबॉल सांगू शकणाऱ्याला जास्त दारं उघडी असतात. आणि मराठी सोडू नका. आकाशवाणीवर क्रिकेटचं मराठीत वर्णन करणारे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्रासाठी रणजी खेळले होते. 2023 च्या आयपीएलमध्ये केदार जाधव मराठी समालोचन करता करता मधूनच बंगळुरूच्या संघात खेळायला गेला. आपल्या भाषेतही ही खुर्ची आहे.

म्हणून पुढच्या फितीसाठी एक काम देते. रेजचा एखादा सामना लावा आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवा. शेजारी बाबांना बसवा. त्यांना क्रिकेट कळतं, बेसबॉल फारसं कळत नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. मुलाने एक पूर्ण इनिंग त्यांना मराठीत सांगायची. 'जबरदस्त' हा शब्द वर्ज्य. बाबांनी मध्येच 'पण तो तिथे का उभा होता?' असं विचारायचं, आणि तो प्रश्नही फितीत येऊ द्यायचा. मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवा. झाली की पाठवा, मी वाट बघते.