टीममधले पाच जण पाच तऱ्हेने यूटीएम (लोक कुठून आले ते कळावं म्हणून लिंकच्या शेवटी जोडायचे टॅग) लावतात, रिपोर्टमध्ये एकटं फेसबुक चार ओळींत दिसतं. शिस्त कशी लावावी?

चारच ओळी? मग तुमचं बरंच बरं आहे. मी पुण्यात एका साड्यांच्या ब्रँडचं ऑनलाइन काम बघत होते, तेव्हा दिवाळीच्या एका मोहिमेचे रिपोर्टमध्ये ११ तुकडे झाले होते. दिवाळीचं इंग्रजी स्पेलिंग कुणी व्हीने केलेलं, कुणी डब्ल्यूने, कुणी पुढे वर्ष चिकटवलेलं, कुणी मध्ये स्पेस सोडलेली. एकाने तर चक्क देवनागरीत लिहिलं. हौस म्हणून ठीक आहे, पण लिंकमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रासुद्धा, ९ अक्षरं खातं. नुसत्या ‘दिवाळी’ची ५४ अक्षरांची रांगोळी होते, तीही टक्क्याच्या चिन्हांची.

गुगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं साधन) तुम्ही लिहाल ते जसंच्या तसं नोंदवतं. कॅपिटल एफचं फेसबुक वेगळं, स्मॉल एफचं वेगळं. (यूटीएममधला ‘यू’ म्हणजे अर्चिन. ती कंपनी गुगलने २००५ साली घेतली आणि तिच्यातूनच अ‍ॅनालिटिक्स आलं.)

मी आधी सगळे करतात तेच केलं. सहा पानी नियमावली लिहून ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी अंगठा दाखवला, उघडली कुणीच नाही. शेवटी उपयोगी पडली ती एक साधी गुगल शीट आणि एकच नियम: लिंक हाताने लिहायची नाही. सोर्स (लोक कुठून आले, उदा. फेसबुक) आणि मीडियम (कोणत्या प्रकारे आले, उदा. ईमेल) ड्रॉपडाउनमधून निवडायचं, मोहिमेचं नावही यादीतूनच घ्यायचं. यादीत नवं नाव घालायचा हक्क एकाच माणसाला. शेवटच्या कॉलममधला फॉर्म्युला सगळं स्मॉल करतो, स्पेसच्या जागी हायफन घालतो आणि तयार लिंक देतो. टाइप करण्यापेक्षा हे सोपं पडतं, म्हणून लोक वापरतात.

नावांवरून वाद घालण्यात लोक वेळ घालवतात, पण खरा घोळ मीडियममध्ये होतो. जीए४ (म्हणजे आताचं गुगल अ‍ॅनालिटिक्स) ट्रॅफिक कुठल्या चॅनलमध्ये, म्हणजे गटात, टाकायचं ते बरंचसं त्यावरून ठरवतं. मीडियममध्ये ‘ईमेल’ लिहिलंत तर ट्रॅफिक ईमेल चॅनलमध्ये जातं. तिथे ‘न्यूजलेटर’ लिहिलंत की बहुतेक वेळा ‘अनअसाइन्ड’मध्ये, म्हणजे कुठल्याच गटात न बसणाऱ्यांत, पडतं. आमच्याकडे पैसे मोजून बूस्ट केलेल्या पोस्टला एकीने मीडियम ‘बूस्ट’ दिलं होतं. सोर्स फेसबुक असल्याने ते सगळं ऑरगॅनिक सोशलमध्ये, म्हणजे बिनपैशाच्या ट्रॅफिकमध्ये, गेलं, आणि मालक विचारू लागले, फुकटात एवढे लोक येतात तर जाहिरातीचे पैसे कशाला घालायचे? तिथे ‘पेड’ने सुरू होणारा शब्द किंवा सीपीसी (कॉस्ट पर क्लिक) हवं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या लिंकला टॅग लावाच, नाहीतर त्यातले बरेचसे लोक ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे कुठून आले ते माहीत नसलेल्यांत, मोजले जातात. उलट आपल्याच साइटवरच्या बॅनरला कधीही लावू नका. विक्रीचं श्रेय खऱ्या जाहिरातीकडून निघून त्या बॅनरला जाऊ लागतं. गुगल अ‍ॅड्सचं ऑटो-टॅगिंग (जाहिरातीच्या लिंकला गुगल आपोआप टॅग लावतं ते) चालू राहू द्या.

पाठवण्यापूर्वी लिंक एकदा मोबाइलवर उघडून पाहा. काही रीडायरेक्ट (एका लिंकवरून दुसरीकडे नेणाऱ्या सोयी) यूटीएम वाटेतच गाळून टाकतात. क्यूआर कोड छापायचा असेल तर तो स्वतःच्या छोट्या लिंकवर न्या, म्हणजे पत्रकं वाटून झाल्यावरही मागची लिंक बदलता येते.

जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, पण जीए४मध्ये कस्टम चॅनल ग्रुप (स्वतःच्या नियमांनी केलेले गट) केलात तर तो मागच्या डेटालाही लागू होतो. तुमच्या चार फेसबुकांना निदान त्या रिपोर्टमध्ये एका छपराखाली आणता येईल.

आणि बाहेरच्या एजन्सीला शीट दिलीत तर याद्यांचा टॅब लॉक करून द्या. आम्ही विसरलो, तर दुसऱ्या दिवशी सोर्सच्या यादीत ‘इन्स्टा’, ‘आयजी’ आणि ‘इन्स्टाग्राम’ तिघंही शेजारी शेजारी बसलेले.